ऑर्किडघर, तिसरा हिवाळा: हीटर आता एकाच कप्प्यात

काल पहाटे साडेपाचला गच्चीवर पारा ७.४. ऑर्किडघरात जिन्याच्या खोलीच्या भिंतीला टेकलेल्या कप्प्यात १६.२, मधल्यात १२ आणि पार टोकाला ९. हे तीन आकडे एकाच पहाटे मिळायला मला तीन हिवाळे लागले.

नवीन मंडळींसाठी: घर १० बाय ८ फुटांचं, सव्वासात फूट उंच. अँगलचा सांगाडा, त्यावर २०० मायक्रॉनचा पॉलिहाऊसचा पेपर.

पहिल्या वर्षी फॅलेनॉप्सिस, म्हणजे सगळ्यात ऊब मागणारं ऑर्किड, गारठू नये म्हणून अख्ख्या घराला २००० वॉटचा ब्लोअर लावला. हिशोब केला तो बिल आल्यावर. पेपरचं क्षेत्रफळ सुमारे ३१ चौरस मीटर, आणि एकेरी पेपरमधून चौरस मीटरमागे, अंशामागे ६ वॉटच्या आसपास उष्णता निघून जाते. बाहेर ६ असताना आत १६ ठेवायचं तर १८०० वॉट सतत हवेत. ब्लोअर रात्रभर थांबायचाच नाही. हवा इतकी कोरडी की व्हँडाची मुळं पापडासारखी. आणि नोबिल डेंड्रोबियम या दुसऱ्या ऑर्किडनं फुलांऐवजी पिल्लं, म्हणजे कांडीवरच फुटणारी छोटी रोपं, काढली! त्याला हिवाळ्यात गारवा आणि पाण्याचा उपास लागतो, तेव्हा कुठे कळ्या धरतो. मी त्याला ऊबही दिली आणि पाणीही. पिल्लं नऊ, फूल एकही नाही.

दुसऱ्या वर्षी निफाडचे मामा म्हणाले, "अगं, आम्ही एवढे द्राक्षबाग वाचवतो, तुझ्या चार कुंड्यांचं काय? पहाटे शेकोटी कर." शेकोटी नाही, पण कोळशाची शेगडी ठेवली. तिसऱ्या दिवशी फॅलेनॉप्सिसच्या कळ्या पिवळ्या पडून गळाल्या. अर्धवट जळणाऱ्या कोळशातून इथिलीन निघतं. केळी पिकवायला वापरतात तोच वायू. उघड्या बागेत तो उडून जातो, बंद घरात साचतो. शिवाय कार्बन मोनॉक्साइड माणसालाही घातक. मामांचा सल्ला बागेपुरता बरोबर होता, चूक माझी.

यंदा उलटा विचार केला. सगळ्यात लाडावलेल्या झाडासाठी सगळं घर का तापवायचं? भिंतीकडचा चार फुटांचा कप्पा पारदर्शक पडदा लावून वेगळा केला आणि त्याला आतून बबल रॅपचं अस्तर दिलं. हिशोबानं गरज ४०० वॉटवर आली. त्यातले ३०० वॉट देतात पोल्ट्रीवाले पिल्लांना ऊब द्यायला वापरतात ते १५० वॉटचे दोन सिरॅमिक ब्रूडर. उजेड देत नाहीत, त्यामुळे झाडांची रात्र मोडत नाही. उरलेलं काम काळ्या रंगाचा २०० लिटरचा ड्रम करतो. दिवसा उन्हानं पाणी २६ पर्यंत जातं. रात्री ते १६ पर्यंत उतरलं तर सव्वादोन युनिटांच्या वर ऊब फुकट. झाकण मात्र घट्ट हवं, नाहीतर डासांची शेती.

वीज गेली त्या रात्री याच ड्रमानं वाचवलं. चार तास ब्रूडर बंद, तरी कप्पा १३ च्या खाली गेला नाही.

सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. डिसेंबरात सकाळी पेपरला आतून घाम यायचा आणि थेंब नेमका मोठ्या पांढऱ्या फॅलेनॉप्सिसच्या पोंग्यात. एके दिवशी वरचं पान हातात धरलं तर अलगद निघून आलं, बुडाशी तपकिरी लगदा आणि कुजका वास. झाड गेलं. आता अस्तराला एका बाजूला उतार दिलाय आणि कॉम्प्युटरचा छोटा पंखा रात्रभर फिरतो. त्या पंख्यानं दुसरंही कोडं सोडवलं: आधी वरच्या फळीवर २०, खाली १४ असायचं, आणि थर्मोस्टॅटचा सेन्सर मी शहाण्यासारखा वर टांगला होता! तो आता पानांच्या उंचीवर आहे. पाणी अकरानंतरच, तेही बादलीत कोमट झालेलं. टाकीतलं पहाटेचं गार पाणी पडलं की पानांवर खड्डे येतात, आणि ते दिसतात पंधरा-वीस दिवसांनी, कारण विसरल्यावर.

वाटणी अशी: उबदार कप्प्यात फॅलेनॉप्सिस आणि व्हँडा, मध्ये कॅटलिया, टोकाला नोबिल, सिंबिडियम आणि आपली सीतेची वेणी. वेणीला काहीच करावं लागत नाही. सह्याद्रीतली आहे, थंडी पचवते.

नोबिलच्या जुन्या कांड्यांवर पेऱ्यापेऱ्याला बारीक फुगवटे आलेत. पिल्लं की कळ्या हे अजून सांगता येत नाही; पाणी बंदच आहे. कॅटलिया मात्र १२ ला रुसलेली वाटते, म्हणून उद्या तिला पडद्याला लागून सरकवते. तुमच्याकडे ती किती अंशांवर खूश असते?