आमची वाटचाल : एक परात, सहा जणी

सांगलीच्या गावभागातल्या आमच्या घराच्या तळमजल्यावर २०१३ साली पाव शिकवायला सुरुवात केली, तेव्हा सासूबाईंचा एकच प्रश्न होता : पाव काय विकत मिळत नाही? मिळतो की. पण माझा क्लास पहिल्यापासून मैत्रिणींच्या घोळक्यांसाठीच आहे. एकटीला प्रवेश नाही. एकटी शिकून गेलेली बाई घरी पहिला पाव करते, तो विटेसारखा बसतो आणि दुसऱ्या दिवसापासून ओटीजीत, म्हणजे पाव भाजायच्या विजेच्या भट्टीत, पुन्हा कढया ठेवल्या जातात. घोळक्यात एकीचा तरी फुगतोच. मग बाकीच्या हट्टाला पेटतात.

पहिला घोळका मिरजेच्या बाईंनी आणला. निवृत्त शिक्षिका, बरोबर भिशीतल्या पाच जणी. त्यांच्याच बळावर मी हप्त्याने पीठ मळायचा दहा लिटरचा प्लॅनेटरी मिक्सर घेतला. पुढची पाच-सहा वर्षं बरी गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

ऑगस्ट २०१९. पाणी वाढतंय हे कळत होतं, पण २००५ ला आमच्याकडे गुडघाभरच आलं होतं, म्हणून मिक्सर टेबलावर चढवला, मैद्याची पोती बाकावर रचली आणि निघालो. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट. त्या वेळी कृष्णा ५७ फुटांवर गेली. आठवड्याने परतलो तर दार आतून फुगलेलं. खांदा लावून ढकललं आणि आधी वास आला. भिजलेला मैदा आंबून बाकावरून खाली ओघळला होता, त्यावर गाळाचा थर. यीस्टचा खोका फुटून त्यातच मिसळलेला. आयुष्यभर ज्या आंबण्यावर पोट भरलं, त्याच वासाने मला उमासे आले. मिक्सरच्या मोटरीत चिखल बसला होता.

पुराचा राग मी धरत नाही. नदीकाठी घर आहे, तेवढं चालायचंच. राग आहे तो वेगळा. माझ्याकडेच शिकलेली एक जण, जिला मी नोंदणीची वहीसुद्धा सांभाळायला दिली होती, तिने त्याच आठवड्यात माझ्या पुढच्या तीन घोळक्यांना फोन केले. ‘ताईंचं आता काही खरं नाही, माझ्याकडे विश्रामबागेत पाणी नाही, या.’ दोन घोळके गेले. मी फावड्याने गाळ ओढत होते आणि ती माझ्याच मापांनी पाव शिकवत होती. मापंही नीट नाहीत, वर दुसऱ्यांदा फुगवायचा वेळ वाचवते. असो.

तिसरा घोळका मिरजेच्या बाईंचा. मी आगाऊ घेतलेले पैसे परत द्यायला गेले तर त्यांनी परात पुढे केली. ‘मिक्सर नाही ना? हात आहेत. माझ्या ओट्यावर घे.’ अर्धा किलो मैदा, ३२५ मिली पाणी, १० ग्रॅम मीठ, ५ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट. सुरुवातीला पीठ बोटांना चिकटतं आणि प्रत्येकीचा हात कोरड्या मैद्याकडे जातो. तो हात मी धरते. तेवढी पाच मिनिटं सोसली की पीठ परात सोडतं. पुरेसं मळलं गेलं का ते पाहायला बाईंनी पिठाची चिमूट उचलून खिडकीपुढे ताणली. फाटली. पुढचीकडे दिली, तिने मळलं, तिचीही फाटली. चौथीच्या हातात पापुद्रा इतका पातळ झाला की पलीकडची तुळस दिसली. सहा जणी एकदम ओरडल्या. मिक्सरवर शिकवताना असं कधी झालं नव्हतं.

तेव्हापासून क्लासमध्ये मिक्सर नाही. गणपती पेठेतल्या पत्रेवाल्याकडून पाव भाजायचे सहा टिन करून घेतले, एक जड पितळी परात आणि वजनकाटा. बस. जुलै २०२१ ला पाणी पुन्हा आलं, तेव्हा हे सगळं माळ्यावर टाकायला दहा मिनिटं लागली.

आता विचारलं नाहीत तरी सांगते. कपाने मोजू नका, काटा घ्या. मे महिन्यात फ्रीजचं पाणी घाला, नाहीतर चाळीस मिनिटांत पीठ उतू जाईल आणि चव आंबूस लागेल. डिसेंबरात त्यालाच दोन तास द्या. घड्याळ पाहू नका, पीठ दुप्पट झालं का ते पाहा. तासगावचा बेदाणा घालणार असाल तर आधी भिजवून फडक्यावर कोरडा करा. आणि पाव गरम असताना सुरी लावू नका, मग पाहुणा कितीही लाडका असो.

बंद मिक्सर अजून कोपऱ्यात आहे. भांड्यात कांदे-बटाटे ठेवते. गेल्या दिवाळीत ती विश्रामबागवाली मारुती चौकात भेटली. म्हणाली, ‘ताई, मिक्सर नुसता पडून असेल तर द्या मला, मोटर बदलून घेईन.’

म्हटलं, वापरात आहे.