अण्णांची पायली आणि ओहायोचं बुशेल

मागच्या पावसाळ्यात अण्णांचा फोन आला, नाशिकला रात्र झालेली, माझ्याकडे ओहायोत दुपार, मी कंपनीत डबा उघडून बसलेले. म्हणाले, "गंगापूरचं पाणी सोडलंय, दुतोंड्याच्या कमरेला लागलं." एवढंच. गंगापूर म्हणजे आमच्या नाशिकच्या वरचं धरण आणि दुतोंड्या म्हणजे गोदावरीच्या पात्रातली मारुतीची मूर्ती, पाणी तिच्या कुठवर चढलं ह्यावर आमचा पूर मोजला जातो. पण मला तिथं बसल्या बसल्या सगळं दिसलं, घाटावरच्या टपऱ्या उचलायची पळापळ, सराफ बाजारात दुकानातला माल वरच्या माळ्यावर चढवणारे लोक, आणि नारोशंकराच्या देवळाच्या घंटेकडं बघत पुलावर उभी असलेली गर्दी. बाजूला बसलेल्या सहकाऱ्याने विचारलं काय झालं, मी म्हटलं गावाकडं नदीला पूर आलाय, तर त्याचा लगेच पुढचा प्रश्न, किती फूट? आणि मला सांगता येईना. मारुतीच्या कमरेपर्यंत हेच खरं उत्तर होतं, प्रत्येक नाशिककराला ते बरोब्बर कळतं, पण ते फक्त आपल्यालाच कळतं.

त्या दिवसापासून हा विषय डोक्यात आहे, म्हणून आज लिहायला घेतला. तिकडचे लोक मला नेहमी विचारतात की अमेरिका एवढी पुढारलेली तरी अजून मैल, पाउंड, फॅरनहाइट कसं काय, सगळं जग किलो आणि मीटरवर गेलं ना. विचारताना थोडं हसतात पण. मला इथं येऊन नऊ वर्षं झाली, आणि माझं म्हणणं असं की हसण्याआधी आपण आपल्या घरात एकदा बघावं. गंगापूरमधून पाणी सोडतात ते क्युसेकमध्ये, म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८ लिटर. धरणाचा साठा दलघफूमध्ये, म्हणजे दशलक्ष घनफुटांत. बोअर किती फूट मारली, फ्लॅट किती स्क्वेअर फूट, वाळू किती ब्रास म्हणजे किती शंभर घनफूट, सुतार अजून सूत म्हणतो म्हणजे इंचाचा आठवा भाग, आणि आपल्या येवल्याची पैठणी नऊवारी घेतो तेव्हा तो वार म्हणजे यार्डच की. ताप तर आपण पण फॅरनहाइटमध्येच मोजतो, हवा मात्र सेल्सिअसमध्ये. तेव्हा इथं आल्यावर मुलीला १०२ ताप आहे हे आईला फोनवर सांगताना काही अडलं नाही, अडलं ते वजनाला. दवाखान्यात काट्यावर २६ आलं, मी ते तसंच बोलून गेले, आई घाबरून म्हणाली, "अगं दोन वर्षांच्या पोरीचं सव्वीस किलो?" पाउंड होते ते, म्हणजे पावणेबारा किलो. लहान मुलांचं औषध किलोच्या हिशोबाने देतात, सव्वीस किलो धरून कुणी डोस काढला असता तर दुपटीपेक्षा जास्त गेला असता. तेव्हा माझ्या हाताला घाम फुटला होता. इथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१५ मध्ये सांगून टाकलंय की मुलांचं पातळ औषध फक्त मिलिलिटरमध्येच लिहायचं आणि द्यायचं, टीस्पून टेबलस्पून बंद, कारण घरातले चमचे काही सारखे नसतात. म्हणजे जिथं जिवाचा प्रश्न आला तिथं अमेरिका पण मिलिलिटरवरच आली.

आता माझ्या कामातली गोष्ट सांगते, ही मी आजवर घरी पण नीट सांगितली नव्हती. अंबडच्या एमआयडीसीत मी सहा वर्षं काढली, तिथं ड्रॉइंगपासून चहाच्या टपरीवरच्या गप्पांपर्यंत सगळं मिलिमीटरमध्ये. पॉइंट झिरो फाइव्ह म्हटलं की पन्नास मायक्रॉन, दुसरा अर्थच नाही. इकडं मी ज्या कारखान्यात लागले तिथं जुन्या पंपांचे पार्ट बनतात आणि सगळं इंचात, आणि मशीनवरची माणसं बोलतात ती थाउमध्ये, इंचाचा हजारावा भाग. लागून दुसराच महिना होता. एका हाउसिंगचं बोअर, म्हणजे बेअरिंग ज्यात बसतं ते भोक, जरा टाइट होतं, बेअरिंग बसत नव्हतं, मी दुसऱ्या शिफ्टच्या नव्या पोराला जाता जाता म्हटलं की अजून पॉइंट झिरो फाइव्ह उघड. माझ्या डोक्यात पन्नास मायक्रॉन. त्याने ऐकलं पन्नास थाउ, म्हणजे १.२७ मिलिमीटर. दोन तासांनी मी परत आले तर तो बिचारा बेअरिंग हातात घेऊन उभा, बोअरमध्ये टाकलं की खडखड वाजत होतं, आतल्या आत डुलत होतं. जॉब स्क्रॅप. त्याची काहीच चूक नव्हती, त्याच्या शॉपमध्ये त्या आकड्याचा तोच अर्थ होता. मी त्याच्या सुपरवायझरला जाऊन सांगितलं की चूक माझी. त्या रात्री झोप लागली नाही, नुकसानीपेक्षा ह्याचं जास्त वाटलं की एवढी वर्षं ज्या आकड्यावर आपण डोळे मिटून विसंबलो तो आकडा एकटा असला की काहीच सांगत नाही.

गुणाकार अवघड नसतो हो, २५.४ ने गुणायचं, कॅल्क्युलेटर आहे की. अवघड असतो तो अंदाज. अंबडला मी जॉबला नुसता हात लावून सांगायचे की ह्यात दोन दशांश मटेरियल आहे अजून. इथं आल्यावर हात मुका झाला. बाहेर निघताना फोन ४० दाखवतो आणि अंग म्हणतं उन्हाळा, प्रत्यक्षात कडाक्याची थंडी. गाडी ७० वर आहे म्हणजे वेगात आहे का सावकाश, पाउंडभर भेंडी चौघांना पुरेल का, हे कळायला मला चार-पाच वर्षं गेली, आणि अजून स्वैपाकात मी किलोवरच जाते.

आकड्याला एकक लावायचं राहिलं तर काय होतं ह्याची मोठी उदाहरणं आहेतच. १९९९ मध्ये नासाचं मंगळावर पाठवलेलं यान, मार्स क्लायमेट ऑर्बिटर, असंच गेलं, एका बाजूच्या सॉफ्टवेअरने रेट्याचे आकडे पाउंडात दिले आणि दुसऱ्या बाजूने ते न्यूटनमध्ये धरले, साडेबारा कोटी डॉलरचं यान. पण मला जास्त लागते ती कॅनडाची गोष्ट. २३ जुलै १९८३, एअर कॅनडाचं नवंकोरं बोइंग ७६७, तेव्हा कॅनडा नुकता मेट्रिकवर जात होता आणि हे विमान किलोवर चालणारं. लागणार होतं २२,३०० किलो इंधन. लिटरचं वजन काढताना जुनाच १.७७ हा आकडा वापरला गेला, जो पाउंडाचा होता, किलोचा ०.८ च्या आसपास पाहिजे होता. म्हणजे विमान निम्म्यापेक्षा कमी इंधनावर उडालं आणि ४१ हजार फुटांवर दोन्ही इंजिनं बंद. वैमानिकाला ग्लायडर चालवायचा अनुभव होता म्हणून त्याने ते तसंच तरंगत नेऊन गिमली नावाच्या गावातल्या जुन्या धावपट्टीवर उतरवलं, आतली सगळी ६९ माणसं वाचली. हे वाचलं की मला ते खडखडणारं बेअरिंग आठवतं, चूक एकच, फक्त माझ्या बेअरिंगवर कुणी बसलेलं नव्हतं.

गेल्या वर्षी अण्णा तीन महिने इथं येऊन राहिले. आमची निफाडकडे साडेतीन एकर द्राक्षं आहेत, त्यामुळं त्यांना इथं काय बघायचं तर शेती. मी राहते तो ओहायोचा वायव्य भाग, सपाट, मका आणि सोयाबीन. शेजारचे शेतकरी आजोबा ऐंशीच्या घरातले, बांधावर भेटले आणि दोघांचं जे जमलं ते बघण्यासारखं होतं. अण्णांना इंग्रजी येतं ते कामापुरतं, मी मध्ये दुभाषी, पण मला वाटलं होतं तेवढं बोलावं लागलंच नाही, कारण एकर म्हटलं की दोघांना कळत होतं, फूट म्हटलं की कळत होतं. अण्णांनी हाताने दाखवून सांगितलं की आमच्याकडं द्राक्षाच्या दोन ओळींत नऊ फूट आणि दोन झाडांत पाच फूट, आणि आजोबांनी मान डोलावली. मी दोघांच्या मध्ये उभी राहून विचार करत होते की सातबाऱ्यावर आमचं रान एक हेक्टर एक्केचाळीस आर लिहिलंय, पण अण्णांच्या तोंडातून मी आयुष्यात कधी हेक्टर ऐकलेला नाही. तेच अण्णा द्राक्षाचा मणी मात्र मिलिमीटरमध्येच मोजतात, एक्स्पोर्टला अठरा पाहिजे म्हणजे अठरा, फवारणी लिटरला मिली, कांदा लासलगावला क्विंटलने. ज्या कामाला जे माप आलं ते त्यांनी घेतलं.

मग आजोबांनी सांगितलं मका एकरी १८० बुशेल. अण्णा म्हणाले बुशेल म्हणजे किती किलो ते विचार. मी विचारलं तर आजोबा म्हणाले ते धान्यावर आहे, मक्याचं बुशेल ५६ पाउंड, सोयाबीनचं ६०, ओटचं ३२. मला हे अजब वाटलं, एकाच मापाची तीन वजनं. अण्णांना अजिबात नाही. ते पटकन म्हणाले, "अगं, पायली आहे ती. पायलीभर बाजरी आणि पायलीभर भात काट्यावर सारखं भरतं का? माप आहे ते, वजन नाही." आणि खरंच, बुशेल मुळात टोपलीचंच माप, वजनं नंतर ठरवून टाकली. मी फोनवर हिशोब केला, एकरी पंचेचाळीस क्विंटलच्या वर मका, अण्णा बराच वेळ गप्प राहिले त्या आकड्यावर.

त्यांना सोडवायला आजोबा रस्त्यापर्यंत आले आणि सांगत होते की इथले रस्ते बघा, दर मैलाला एक, सरळ. १७८५ मध्ये कायदा करून इथल्या सरकारने जमीन चौकोनात मोजायला घेतली आणि ती मोजणी सुरू झाली ती ओहायोच्याच पूर्व कडेपासून. एक मैल बाय एक मैल म्हणजे ६४० एकर, त्याचा पाव भाग १६०, त्याचा पाव ४०. मोजायला ६६ फुटांची साखळी. इथं अण्णा थांबलेच. आपल्याकडची जुन्या मोजणीतली साखळी ३३ फुटांची, बरोबर निम्मी, ३३ गुणिले ३३ म्हणजे १०८९ चौरस फूट, म्हणजेच गुंठा, आणि ४० गुंठ्यांचा एकर. निफाडचा गुंठा आणि ह्या आजोबांचं शेत एकाच साखळीने बांधलेलं निघालं, हे अण्णांनी नंतर नाशिकला फोन करून चार जणांना तरी सांगितलं.

म्हणून मला अमेरिकेतल्या लोकांना मूर्ख म्हणणं पटत नाही. जमिनीवरच मैल आखलेला असला की तो पुसायचा कसा. पण एक गोष्ट इथले लोक वारंवार म्हणतात ती मला मुळीच मान्य नाही, ती म्हणजे "साध्या माणसाला हे जमणार नाही, फार गोंधळ होईल." नाशिकला जमलं. माझी आजी भद्रकालीच्या बाजारात भाजी विकायची, सही येत नव्हती तिला, अंगठा. १९५७ च्या एप्रिलपासून आणे जाऊन नवे पैसे आले, सोळा आण्यांचा रुपया शंभर पैशांचा झाला, ते अंगवळणी पडतंय तोवर ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने शेर जाऊन किलो. १९५१ च्या जनगणनेत देशात लिहिता-वाचता येणारे साधारण १८ टक्के. तरी चार-पाच वर्षांत बाजार फिरला. आजी सांगायची, "शेरावर एक छटाक टाक, झाला किलो." मी इंजिनिअर झाल्यावर एकदा हिशोब करून पाहिला, शेर ९३३ ग्रॅम, छटाक ५८, बेरीज ९९१. नऊ ग्रॅमचा फरक! शाळेत न गेलेल्या बायकांनी हे एकमेकींना बाजारात बसून शिकवलं.

अमेरिकेत उलट झालं. कायद्याने मेट्रिक वापरायला मुभा १८६६ पासूनच आहे. १८९३ पासून इथला यार्ड आणि पाउंड मीटर-किलोवरूनच ठरतात, १९५९ पासून इंच म्हणजे बरोब्बर २.५४ सेंटिमीटर, म्हणजे इंचाच्या पोटात सेंटिमीटर बसलेलाच आहे. १९७५ मध्ये बदलाचा कायदा पण केला, फक्त तो ज्याच्या त्याच्या मर्जीवर सोडला, तारीख घातलीच नाही, आणि त्यासाठीचं मंडळ १९८२ मध्ये गुंडाळलं. आपल्याकडं तारीख होती, जुनी वजनं बाद होणार हे आजीला माहीत होतं. माझ्या मते फरक तेवढ्यात आहे, लोकांच्या डोक्यात नाही. नऊवारी नऊवारीच राहू दे, उंची पाच फूट चार इंच राहू दे, त्याने कुणाचं काही बिघडत नाही, पण औषध, यंत्र, विमान, इथं दोन भाषा नकोतच.

आमच्या शॉपमध्ये आता एक नियम आहे, मीच मागे लागून करून घेतला, एकक बोलल्याशिवाय आकडा बोलायचा नाही. तो तेव्हाचा नवा पोरगा आता सिनियर आहे आणि नव्यांना तोच हे शिकवतो.

आणि घरच्यांना एक निरोप. डिसेंबरात येतेय. माळ्यावर आजीचं पितळी मापटं आहे, तांबट आळीतून घेतलेलं, एका बाजूला पोचा आलेलं, ते कुणी मोडीत घालू नका. बॅगेत २३ किलो चालतं, त्यात मी ते बसवणार आहे. शेजारच्या आजोबांनी त्यांची जुनी लाकडी बुशेलची टोपली काढून ठेवलीय आणि दोन्ही मापांत मका भरून बघायचा आमचा बेत ठरलाय.