कार्टूनात मुरलेलं पाणी

सांगलीकडच्या लग्नांत मांडवात बसलेल्या मावशी-काकूंची नजर भारी तयार. पंगतीत कुणी कुणाच्या पानात न मागता दुसऱ्यांदा जिलेबी वाढली, फोटोच्या वेळी कोण दोन माणसं ओलांडून कुणाच्या शेजारी येऊन उभं राहिलं, एवढ्यावर त्या थेट तुळशीच्या लग्नानंतरचा मुहूर्त धरून मोकळ्या होतात. त्यांच्याच घरातली कॉलेजची पोरं हीच नजर आता कार्टूनवर लावून बसलीत. विश्रामबागेतल्या एखाद्या खोलीवर चौघीजणी लॅपटॉपभोवती कोंडाळं करून तेच दोन सेकंद पुढं-मागं करताना दिसल्या, तर समजावं की कुठल्यातरी दोन पात्रांमध्ये पाणी मुरतंय आणि त्याचा पंचनामा चालू आहे. दोन पात्रांची जोडी जुळवायच्या या नादाला शिपिंग म्हणतात. हसणाऱ्यांनी हसावं. पण नीट करायचं म्हटलं तर हे काम मांडवातल्या अंदाजापेक्षा अवघड आहे.

सिनेमात नटाची नजर चुकून रेंगाळू शकते. कार्टूनमध्ये कुणाची नजर आपोआप कुठं जात नाही, ती काढावी लागते. सेकंदाला 24 फ्रेम असतात, आणि एक चित्र दोन फ्रेम धरून ठेवायची पद्धत असल्यामुळं सेकंदाला साधारण 12 चित्रं लागतात. एकाचा हात दुसऱ्याच्या हातावर पडायचा, तर तो आधी कुणीतरी स्टोरीबोर्डवर, म्हणजे दृश्यांच्या कच्च्या आराखड्यात काढतो, वरचा माणूस पास करतो, आणि मालिका अमेरिकन असेल तर बहुतेक वेळा दक्षिण कोरियातल्या स्टुडिओत तो एकेका चित्रानं हलता होतो. इतक्या टेबलांवरून फिरून आलेला स्पर्श सहज झाला, असं कोण म्हणेल?

नवखे मात्र इथंच फसतात, कारण याला दुसरी बाजू आहे. दोन पात्रं तीन सेकंद एकमेकांकडे टक लावून उभी, केस हलत नाहीत, पदर उडत नाही, तर तिथं प्रेमापेक्षा काटकसर जास्त असते. एक चित्र काढलं, पापणी एकदा मिटवली, तीन सेकंद निघाले. टीव्हीच्या बजेटमध्ये यापेक्षा स्वस्त काही नाही. म्हणून पहिला प्रश्न भावनेचा नाही, खर्चाचा विचारायचा. हळदीच्या सौद्यात वरच्या रंगाला कुणी भुलत नाही, कांडी मोडून आत बघतात, तसं. नवी वस्तू डिझाइन करावी लागली का? कथेला गरज नसताना दहा सेकंद कुणी दिले का? आणि दिले तर पुन्हा दिले का?

याचा नमुना म्हणजे 'अॅडव्हेंचर टाइम' या अमेरिकन कार्टून मालिकेतला काळा टी-शर्ट. मार्सेलिन ही बास वाजवणारी व्हॅम्पायर, आणि प्रिन्सेस बबलगम ही गोड पदार्थांच्या राज्याची शिस्तीची राणी. दोघींचं बोलणं टोमण्यांनीच सुरू होतं. 2011 च्या एका भागात एक चोरटा प्रत्येकाची जिवापाड जपलेली वस्तू पळवतो आणि एका दारामागं दडतो. ते दार खऱ्या बँडच्या गाण्यानंच उघडणार असतं. शेवटी वस्तू परत मिळतात तेव्हा कळतं, की बबलगमची जपलेली वस्तू म्हणजे मार्सेलिननं कधीकाळी दिलेला टी-शर्ट. ती सांगते की झोपताना घालते. आणि मार्सेलिनचं काहीच चोरीला गेलेलं नसतं, ती नुसती सोबतीला आलेली असते. मिठी नाही, कबुली नाही. अकरा मिनिटांचा भाग तिथं संपतो.

एका भागावर कुणी पैज लावू नये. पण 2013 मध्ये तोच टी-शर्ट परत निघतो. सकाळी उठल्यावर बबलगम तो हातात घेऊन वास घेते. पुढं मार्सेलिनचा लहानपणचा टेडी एका चेटकिणीकडून सोडवायचा असतो. चेटकिणीला मंत्रासाठी माया साठलेली वस्तू हवी असते, आणि टेडीपेक्षा टी-शर्ट भारी भरतो. बबलगम तो देऊन टाकते, तेही मार्सेलिनला न सांगता. आता हिशेब करा: वस्तू डिझाइन झाली, दोन वर्षं लक्षात ठेवली गेली, आणि तिची किंमत पात्रानं स्वतः चुकवली. 2018 च्या शेवटच्या भागात दोघी एकमेकींचं चुंबन घेतात, तेव्हा नीट बघणाऱ्यांना धक्का बसायचं कारण नव्हतं.

इथं आणखी एक गोष्ट तपासावी, ती म्हणजे श्रेयनामावली. सगळे पुरावे एकाच स्टोरीबोर्ड कलाकाराच्या भागांत सापडत असतील, तर ती त्या कलाकाराची हौस असू शकते, मालिकेचा बेत नव्हे. 2011 च्या त्या भागाच्या स्टोरीबोर्डवर रिबेका शुगर होत्या. 2013 मध्ये त्यांची स्वतःची 'स्टीव्हन युनिव्हर्स' सुरू झाली. टी-शर्ट मात्र इकडंच राहिला. हा भक्कम पुरावा.

'लेजंड ऑफ कोरा' या मालिकेचं प्रकरण वेगळ्या जातीचं. 2012 च्या पहिल्या सीझनमध्ये कोरा आणि असामी या दोघी एकाच मुलावरून समोरासमोर, त्यामुळं तिथं शोधायला जाऊ नये. चौथ्या सीझनमध्ये कोरा दुखापतीतून सावरायला सगळ्यांपासून लांब गेलेली असते. मित्र पत्रं पाठवतात, आणि ती उत्तर लिहिते ते फक्त असामीला. 19 डिसेंबर 2014 च्या शेवटच्या भागात एक लग्न लागतं, नवरा-नवरी समोरासमोर हात धरून उभी असतात. त्याच भागाच्या अखेरीस कोरा आणि असामी पाठीवर सॅक टाकून निघतात, हात धरतात, प्रकाशात शिरतात आणि तशाच समोरासमोर वळून दोन्ही हात हातात घेतात. संवाद नाही, सगळी भिस्त संगीतावर. तीन दिवसांनी दोघा निर्मात्यांनी जाहीर लिहिलं की होय, हे प्रेमच आहे. लग्नाची चौकट आधी दाखवून ठेवणं ही खरी कारागिरी. ज्या सांगलीत 1843 मध्ये विष्णुदास भाव्यांच्या नाटकात सूत्रधार सगळं आख्यान गाऊन सांगायचा, तिथल्या माणसाला हे न सांगता सांगणं विशेष वाटायला हरकत नाही.

बघायची रीत अशी. पहिल्यांदा नुसती गोष्ट बघा, शोधाशोध नको. दुसऱ्यांदा आवाज बंद करा आणि तिसरंच पात्र बोलत असताना या दोघांचे डोळे कुठं आहेत ते टिपा. बोलणाऱ्याकडे बघणं फुकटात होतं, न बोलणाऱ्याकडे वळवायला वेगळं चित्र लागतं. तिसऱ्यांदा पडद्याकडे पाठ करून नुसतं ऐका. एखादी धून याच दोघांसाठी परत येते का? वहीत सीझन, भाग, मिनिट, सेकंद लिहा, नाहीतर वादात तोंडघशी पडाल.

एकाला लाल, दुसऱ्याला निळे कपडे दिसले म्हणून लगेच जोडी धरू नका. पात्रं लांबून वेगळी ओळखू यावीत म्हणून डिझाइनर विरुद्ध रंग देतातच. जपानी मालिकांतली गालांची लाली तर थंडीनं येते, रागानं येते, दारूनंही येते.

सगळ्यांत जास्त लोक पडले ते झुको आणि कटारा या जोडीत. 'अवतार' या कार्टून मालिकेच्या दुसऱ्या सीझनअखेर हिरव्या स्फटिकांच्या गुहेत ती त्याच्या चेहऱ्यावरच्या व्रणाला हात लावते, जवळचं मोलाचं पाणी त्यावर वापरायला तयार होते. 2008 च्या शेवटच्या भागात तो तिच्यावर येणारी वीज स्वतःच्या अंगावर घेतो. खर्चिक दृश्यं, तीही दोन. तरी कटारा मालिकेचा नायक आंग याचीच झाली. कारण दोन्ही प्रसंगांना दुसरं पुरेसं कारण होतं: बरं करणं ही तिची विद्या, आणि झुकोचा अख्खा प्रवास प्रायश्चित्ताचा. शिवाय आंगचा जीव तिच्यावर आहे हे पहिल्या सीझनपासून उघड लिहिलेलं. उघड लिहिलेल्यावर मुरलेलं सहसा मात करत नाही. झुको-कटारावाले अजूनही हे मान्य करत नाहीत, आणि त्या गुहेचा उजेड बघितला की त्यांचा थोडा कळवळा येतो.

पात्रं लहान मुलं असतील तर मात्र वही मिटावी. 2020 मध्ये भीमनं इंदुमतीशी लग्न केलं म्हणे, असा बोभाटा होऊन चुटकीला न्याय द्या म्हणून समाजमाध्यमांवर गदारोळ झाला. शेवटी 'छोटा भीम'वाल्या ग्रीन गोल्डला खुलासा करावा लागला की मंडळी अजून लहान आहेत. नोबिता-शिझुकाचं लग्न गोष्टीतच सांगितलेलं आहे, तिथं तपास कसला करायचा?

राहता राहिला डबिंगचा घोटाळा. मूळ आवाज आणि सबटायटल मिळत असतील तर तेच घ्या, कारण संवाद बदलणं स्वस्त असतं आणि चित्र बदलणं महाग. 'सेलर मून'च्या 1994 च्या सीझनमधल्या हारुका आणि मिचिरू या प्रेयसी. 2000 साली इंग्रजीत आल्या तेव्हा पोरांना शंका नको म्हणून त्यांना एकमेकींच्या बहिणी करून टाकलं, सख्ख्या नव्हे, नात्यातल्या. नजरा, हातात हात, सगळं चित्रात तसंच राहिलं. कुठल्या बाजूच्या बहिणी ते काही सांगितलं नाही. चुलत म्हटलं असतं तर एक वेळ चाललं असतं. आते-मामे म्हटल्यावर कृष्णाकाठी शंका फिटत नाही, बैठक ठरते.