पाचाड : शंभूराजांच्या आजीच्या अंगणात

रायगडाला निघालेल्या बहुतेक गाड्या पाचाडात थांबत नाहीत. कुणाला रोप-वेची रांग गाठायची असते, कुणाला ऊन चढायच्या आत चित दरवाजाच्या पायऱ्यांना लागायचं असतं. जिजाऊंचा वाडा आणि समाधी ‘उतरल्यावर बघू’ म्हणून राहून जातात, आणि उतरल्यावर पायांत गोळे आलेले असतात. यंदा आम्ही मुद्दाम उलटं केलं. गड दुसऱ्या दिवशी ठेवला आणि पहिला दिवस पाचाडला दिला. बरोबर आई होती आणि माझी लेक. माझ्या नोकरीच्या धावपळीत लेकीला खरं वाढवलं ते आईनेच, त्यामुळे या ठिकाणी त्या दोघींना एकत्र न्यायचं कधीपासून मनात होतं.

पुण्याहून ताम्हिणी घाट उतरून निजामपूरमार्गे गेलो. जून लागला होता, पावसाने नुकताच जोर धरलेला. घाटातल्या धबधब्यांवर मी शब्द खर्च करत नाही, त्यांचे फोटो सगळ्यांच्या मोबाइलमध्ये आहेत.

रायगडावरचा वारा आणि गारठा उतारवयात जिजाऊंना मानवेना, म्हणून महाराजांनी त्यांच्यासाठी पायथ्याला हा वाडा बांधून घेतला. आज उरली आहे ती तटबंदी, बुरूज आणि आत इमारतींची जोती. वाडा म्हणायचा, पण बांधणी छोट्या भुईकोटासारखी. आईसाहेबांना गडाखाली ठेवायचं तर बंदोबस्तही तसाच हवा! जोत्यांवर गवत माजलं होतं, दगडांवर शेवाळ. लेक एका जोत्यावरून दुसऱ्या जोत्यावर उड्या मारत होती आणि आई मागून ओरडत होती, “अगं हळू, निसरडं झालंय!”

मग आम्ही तक्क्याच्या विहिरीपाशी आलो. काठावर दगडात घडवलेली बसायची जागा आणि पाठ टेकायला दगडाचाच तक्क्या. पाण्याला आलेल्या बायकांशी जिजाऊ इथे बसून बोलत, त्यांची सुखदुःखं विचारत, असं गावात सांगतात. याला कागदाचा पुरावा मागू नये असं मला वाटतं. त्या तक्क्यावरून हात फिरवला की ओल्या दगडाचा खरखरीत गारवा हाताला लागतो आणि सांगणाऱ्यावर विश्वास बसतो. आई तिथे बराच वेळ थांबली. म्हणाली, “म्हातारपणी माणसाला एवढंच लागतं बघ. पाठ टेकायला जागा आणि बोलायला चार माणसं.”

शाळेत आपल्याला जिजाऊ भेटतात त्या महाराजांच्या आई म्हणून. शिवनेरी, लाल महाल, पुण्याच्या ओसाड जमिनीवर फिरवलेला सोन्याचा नांगर, कसब्याचा गणपती. ते सगळं आहेच. पण मला या वाड्यात आठवत राहिली ती आजी.

संभाजीराजांचा जन्म १४ मे १६५७ चा, पुरंदरावरचा. ५ सप्टेंबर १६५९ ला राजगडावर सईबाई गेल्या. तीन मुली आणि सव्वादोन वर्षांचं पोर मागे राहिलं. तिकडे अफजलखान स्वराज्यावर चालून आलेला, दोनच महिन्यांत प्रतापगडाचा प्रसंग घडायचा होता. बापाला लेकराकडे बघायला उसंत कुठली! कापूरहोळच्या धाराऊने दूध पाजलं आणि बाकी सगळं आजीने केलं. स्वतःची अनेक लेकरं गमावलेली, थोरला मुलगा संभाजी कनकगिरीच्या लढाईत पडलेला, त्याच नावाचा हा नातू. त्याला हाक मारताना दर वेळी त्यांना काय आठवत असेल?

त्याच्याही आधीचं दुःख माहेरचं. १६२९ च्या जुलैत देवगिरीला निजामशहाच्या दरबारात वडील लखुजी जाधव, भाऊ आणि भाचा मारले गेले, तेव्हा शिवबा पोटात होते. १६६४ मध्ये शहाजीराजे होदिगेऱ्याला घोड्यावरून पडून गेले. जिजाऊ सती निघाल्या होत्या. महाराजांनी मांडीवर बसून, गळ्याला मिठी घालून त्यांना परत फिरवलं, असं सभासदाने बखरीत लिहिलं आहे. मी लेकीला ही गोष्ट वाड्यातच सांगितली. तिने विचारलं, “एवढे मोठे महाराज आईच्या मांडीवर बसले?” तिच्या आजीने उत्तर दिलं, “मग! आईला काय लेकरू मोठं वाटतं का?”

दोन वर्षांनी आग्रा. नऊ वर्षांचा नातू बापाबरोबर औरंगजेबाच्या दरबारी गेला आणि राज्याचा भार राजगडावर जिजाऊंकडे राहिला. ऑगस्टमध्ये दोघे निसटले, महाराज पोहोचलेही, पण शंभूबाळ बरोबर नव्हते. त्यांना मथुरेला ठेवलेलं होतं, आणि पाठलाग थांबावा म्हणून बाळ वारल्याची हूल उठवलेली होती. ते नंतर सुखरूप आले. पण मधले दिवस त्या घरात कसे गेले असतील? खोटी का होईना, नातवाच्या मरणाची बातमी गावभर फिरते आहे, आणि बारीकसा संशय येऊ नये म्हणून आजीला खरं बोलता येत नाही. मला जिजाऊंचं धैर्य सगळ्यात जास्त इथे दिसतं, तलवारी-तोफांच्या प्रसंगांपेक्षाही.

दुपारी पिठलं आणि तांदळाची भाकरी खाऊन समाधीकडे गेलो. बागेतलं निवांत ठिकाण, मान वर केली की समोर ढगांत शिरलेला रायगड. ६ जून १६७४ ला वर राज्याभिषेक झाला, मुलगा छत्रपती आणि सतरा वर्षांचा नातू युवराज झाला. धाकटे राजाराम तेव्हा चार वर्षांचे. हे सगळं डोळे भरून पाहिलं आणि १७ जूनला जिजाऊंनी पाचाडात डोळे मिटले. वय ७६. पुढे सहा वर्षांत महाराजही गेले आणि घरात जी दुही माजली ती वाचताना दर वेळी वाटतं, या आजी आणखी थोड्या राहायला हव्या होत्या. सगळ्यांना एका पंगतीला बसवणारं माणूस घरातून गेलं की काय होतं, हे ज्याच्या त्याच्या घरात माहीत असतं.

आईने समाधीवर फुलं वाहिली आणि लेकीला नमस्कार करायला लावला. मग दोघी बागेत बसून ‘हिरकणी कड्यावरून कशी उतरली असेल’ यावर वाद घालत राहिल्या. हिरकणीवाडी इथून जवळच, तेव्हा दुसऱ्या दिवशी बुरुजावर जाऊन त्याचा निकाल लावायचं ठरलं. गडावर धुकं इतकं होतं की कडा काही दिसला नाही, म्हणून तो वाद अजून चालू आहे.

तुम्ही रायगडाला जाणार असाल तर आधी पाचाडात थांबा, आणि घरातल्या आजीला घेऊन जा. वाड्यात चढउतार फारशी नाही, पावसाळ्यात मात्र जोत्यांवर हात धरून न्या. आम्ही आता १२ जानेवारीला सिंदखेडराजाला निघतोय. जिजाऊंचा जन्म झाला तो लखुजीराजांचा वाडा तिथे आहे, आणि लखुजीराजांची समाधीही. त्या दिवशी गर्दी उसळते, राहायला जागा मिळत नाही असं सगळे सांगतात, म्हणून आईने ओळखीतून बुलढाण्याला मुक्कामाची सोय आत्ताच करून ठेवली आहे.