टाइमलाइन डायरी, आठवडा ६: टिपरू आधी, आवाज मागून

या आठवड्यात काम कमी झालं आणि डोकंच जास्त खाल्लं गेलं. पाडव्याच्या स्वागतयात्रेचं, म्हणजे आपल्या ठाण्यातल्या कौपिनेश्वर मंदिरापासून निघते ती, ५२ मिनिटांचं फुटेज होतं, ते मागच्या रविवारी साडेनऊ मिनिटांवर आणलं होतं, आता ४ मिनिटं २० सेकंद. अजून शॉटकटवरच आहे, म्हणजे व्हिडिओ एडिट करायच्या सॉफ्टवेअरवर. फुकट आहे आणि माझ्या म्हाताऱ्या लॅपटॉपवर निदान उघडतं तरी.

आधी स्प्लिटबद्दल, म्हणजे क्लिपचे दोन तुकडे करण्याबद्दल. इतके दिवस मी प्लेहेड (आत्ता कुठे आहोत ते दाखवणारी उभी रेघ) न्यायचे, तुकडा पाडायला एस दाबायचे, पुढे जाऊन परत एस, मग मधला तुकडा उडवायचा, असं करत टाइमलाइनची, म्हणजे क्लिप ओळीने मांडतात त्या पट्टीची, अक्षरशः कोशिंबीर करून ठेवली होती. आता क्लिपच्या सुरुवातीचा पसारा काढायचा असेल तर प्लेहेड ठेवून नुसतं शिफ्ट आय, शेवटचा काढायचा तर शिफ्ट ओ, आणि पुढच्या क्लिप आपोआप मागे येऊन जागा भरतात. जास्त कापलं गेलं तरी कड धरून ओढली की परत येतं, त्यामुळे हात जरा सैल झालाय. एस फक्त क्लिपच्या पोटातलं काही काढायचं असेल तेव्हा.

बुधवारी रात्री घोळ घातला. ढोलाचा आवाज डिटॅच करून, म्हणजे चित्रापासून सुटा करून, खालच्या ट्रॅकवर ठेवला होता, वरच्या चित्राच्या ट्रॅकवरून कोणाचं तरी फेटेवालं डोकं मध्ये आलेला ४ सेकंदांचा तुकडा एक्स दाबून उडवला, चित्र सरकलं आणि आवाज जिथल्या तिथे, कारण सगळ्या ट्रॅकवर रिपल करायचं (कापलं की मागचं सगळं एकत्र सरकवायचं) बटण बंद. गंमत म्हणजे अर्धा तास कळलंच नाही, कारण ठेका फिरून फिरून तोच येतो ना, कुठेही जोडा, लागल्यासारखंच वाटतं. शेवटी पथक थांबलं, टिपरू (ढोल वाजवायची काठी) खाली, आणि ढोल आपला चालूच! हिस्टरीतून मागे गेले आणि परत सगळं केलं, झोपायला दीड.

तरी पण काही शॉट खटकतच होते. वेव्हफॉर्मवर, म्हणजे आवाजाच्या आलेखावर, ढोलाचा ठोका सुळक्यासारखा दिसतो, त्या सुळक्यावर बरोब्बर कट मारला तरी टिपरू आधी लागतंय आणि आवाज मागून येतोय असं. पहिला संशय मोबाइलवर, कारण मोबाइलचा फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रं) सारखा बदलता असतो, पण त्या क्लिप मी आधीच कन्व्हर्ट केल्या होत्या, शॉटकट स्वतःच विचारतं तेव्हा. आणि जवळून घेतलेले शॉट एकदम ठीक होते. खटकत होते ते फक्त राम मारुती रोडला मावशीच्या गॅलरीतून घेतलेले, पथक पार तिकडे कोपऱ्यावर असतानाचे.

मग ट्यूब पेटली. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. शनिवारी भाजी आणायला गेले तेव्हा मावशीच्या बिल्डिंगखालून त्या कोपऱ्यापर्यंत पावलं मोजली (एक काका थांबून बघत होते, असो), ४५ भरली, म्हणजे ३४ मीटरच्या आसपास. म्हणजे आवाजाला यायला एक दशांश सेकंद. माझा प्रोजेक्ट सेकंदाला ३० फ्रेमचा, म्हणजे सरळ ३ फ्रेमचा उशीर! माझ्या कटची चूक नव्हतीच.

उपाय सोपा निघाला: त्या क्लिपचा आवाज डिटॅच, रिपल बंद, स्नॅपिंग पण बंद (नाहीतर शेजारच्या कडेला जाऊन चिकटतं), पूर्ण झूम करून आवाज ३ फ्रेम डावीकडे. पण सगळ्या लांबच्या शॉटना हा डोस देऊ नका, पथक पुढे आलं तसा फरक कमी होत जातो. गॅलरीच्या खालून जातानाच्या शॉटला मी हातच लावला नाही.

आणखी एक, हे आपलं माझं मत. कट ठोक्यावर नको, टिपरू हवेत असताना मारा आणि ठोका पुढच्या शॉटमध्ये पडू दे. ताशाला हे जमत नाही, काड्या इतक्या भरभर चालतात की हवेत सापडतच नाहीत, तिथे मी सरळ वादकाच्या चेहऱ्यावर जाते.

आता राहिलंय ते २ मिनिटं ११ सेकंदांवर. चित्र कापून तिथे ध्वजाचा शॉट टाकलाय पण खालचा आवाज गॅलरीतलाच आहे, अख्ख्या फुटेजमध्ये तेवढाच एक सलग ठेका स्वच्छ आलाय, आणि त्यात मावशी स्पष्ट ऐकू येते, "अगं चहा गार होतोय." दोन ठोक्यांच्या बरोब्बर मध्ये बोललीये. ठेवतेय.