रिश्टरची रेघ

भूकंपाची बातमी आली की आपण आधी आकडा विचारतो. ‘किती रिश्टरचा होता?’ हा प्रश्न ‘किती किलोचा’, ‘किती लिटरचा’ या चालीवर इतका सहज तोंडी येतो की रिश्टर नावाचे एखादे वजन-मापच असावे असे वाटावे. मीही कित्येक वर्षे तो आकडा दहापैकी मिळालेल्या गुणांसारखा वाचत असे. सहापेक्षा सात थोडा अधिक, एवढीच माझी समज होती आणि ती मोडायला एक वही व एक मोजपट्टी पुरली.

चार्ल्स रिश्टर यांनी बेनो गुटेनबर्ग यांच्या सहकार्याने १९३५ मध्ये दक्षिण कॅलिफोर्नियातील भूकंपांसाठी हे मापन मांडले, तेव्हा त्यांच्यासमोर एक ठरावीक यंत्र होते. ते जमिनीची हालचाल दोन हजारांहून अधिक पटींनी मोठी करून, प्रकाशाच्या तिरिपेने छायाचित्रणाच्या कागदावर उमटवीत असे. केंद्रापासून १०० किलोमीटरवरच्या अशा यंत्रात रेघ मूळ जागेपासून एक मिलिमीटर सरकली, तर तो भूकंप ३ चा. मी तो मिलिमीटर वहीत आखला. ४ साठी एक सेंटिमीटर, ५ साठी दहा सेंटिमीटर. इथवर वहीचे पान पुरले. ६ ची रेघ एक मीटरची झाली आणि टेबलाच्या कडेवरून खाली लोंबली असती. ७ ला दहा मीटर लागतात, म्हणजे ती भिंत फोडून बाहेर पडणार, आणि ९ ला चक्क एक किलोमीटर. शिवाय ही झाली केवळ रेघेची गोष्ट. बाहेर पडणारी ऊर्जा तर दर पायरीला सुमारे ३२ पटींनी आणि दोन पायऱ्यांना हजार पटींनी वाढते. या मापनाचे ‘मॅग्निट्यूड’ हे इंग्रजी नाव खगोलशास्त्रातून, ताऱ्यांच्या ‘प्रती’वरून घेतलेले आहे, फरक इतकाच की ताऱ्याची प्रत जितकी लहान तितका तो तेजस्वी, भूकंपाचे मात्र उलटे.

किलोमीटरभर रेघेची वेळ प्रत्यक्षात येतच नाही, कारण फार मोठ्या भूकंपाची पुष्कळशी शक्ती ज्या संथ, लांब लाटांतून जाते, त्या या यंत्राला नीट टिपता येत नाहीत आणि आकडा सातच्या आसपास अडखळू लागतो. म्हणून १९७९ मध्ये थॉमस हँक्स आणि हिरू कानामोरी यांनी वेगळा मार्ग सुचवला: भ्रंशाचा, म्हणजे जिच्यावरून खडक सरकतात त्या जमिनीतील भेगेचा, केवढा पृष्ठभाग सरकला, किती सरकला आणि तिथला खडक किती ताठर, यांच्या गुणाकारावरून मोजायचे. चिलीतील १९६० च्या भूकंपाचा ९.५ हा आकडा याच पद्धतीचा आहे. रिश्टर यांचे नाव बातम्यांत उरले आहे ते सवयीने.

मात्र बातमीतला ‘तीव्रता’ हा शब्द मला अधिक खटकतो. आकडा सांगतो तो उगमाशी किती मोठी घडामोड झाली एवढेच. एखाद्या ठिकाणी जमीन किती हादरली, ही खरी तीव्रता, निराळी असते. न्यूझीलंडमध्ये सप्टेंबर २०१० चा ७.१ चा भूकंप क्राइस्टचर्च शहरापासून दूर झाला आणि शहर बरेचसे बचावले; फेब्रुवारी २०११ चा ६.२ चा भूकंप लहान असूनही शहराला खेटून आणि उथळ झाला, आणि १८५ माणसे गेली.

ही स्थानिक तीव्रता मोजण्याचे कोष्टक इटलीच्या जुझेप्पे मेर्काली यांच्या नावाने चालते. सुधारित रूपात त्याच्या बारा पायऱ्या आहेत आणि यंत्राइतकीच माणसांची साक्ष तिथे ग्राह्य धरली जाते: टांगलेल्या वस्तू झुलल्या का, भांडी वाजली का, झोपलेले जागे झाले का. एका रात्री वाचत बसलो असताना तांब्यावरचे फुलपात्र क्षणभर किणकिणले. एखादा अवजड ट्रक गेला असेल म्हणून मी पान उलटले. तो भूकंप होता, हे सकाळी कळले. पुढे ते कोष्टक हाती आले, तेव्हा तिसऱ्या पायरीशी लिहिले होते की ट्रक गेल्यासारखे कंप जाणवतात आणि हा भूकंप आहे हे पुष्कळांच्या लक्षातही येत नाही.