सहा पानं, चाळीस प्रती: प्रिंट देताना ‘कोलेट’ कधी चालू, कधी बंद

समजा, सोसायटीच्या वार्षिक सभेचा अहवाल सहा पानांचा आहे आणि प्रती हव्यात चाळीस. प्रिंटच्या खिडकीत प्रतींच्या आकड्याजवळच ‘कोलेट’चा पर्याय असतो. तो चालू असेल तर प्रिंटर १ ते ६ पानांचा एक अख्खा संच काढतो, मग दुसरा, असे चाळीस संच. बंद असेल तर पहिल्या पानाच्या चाळीस प्रती, मग दुसऱ्याच्या चाळीस, असे सहा गठ्ठे पडतात. एका बाजूनेच छापलं तर कागद दोन्ही प्रकारांत २४०च लागतात. पण कोलेट बंद राहिलं, तर ते सहा गठ्ठे टेबलावर ओळीने मांडून प्रत्येक संच हाताने लावत बसावं लागतं.

वर्डमध्ये हा पर्याय ‘१,२,३ १,२,३’ आणि ‘१,१,१ २,२,२’ अशा आकड्यांनी दाखवलेला असतो, त्यामुळे तिथे गोंधळ कमी होतो. झेरॉक्सच्या मोठ्या मशीनवर बहुधा ‘सॉर्ट’ म्हणजे संचाप्रमाणे आणि ‘ग्रुप’ किंवा ‘स्टॅक’ म्हणजे पानाप्रमाणे. मशीनकडूनच स्टेपल करून घ्यायचं असेल तर संच लावूनच छापावं लागतं, कारण संच पूर्ण झाल्याशिवाय पिन मारणार कशाला?

चाळीस प्रतींचा हुकूम सोडण्याआधी चाचणी घ्या, पण ती दोन प्रतींची. एका प्रतीत कोलेट चालू काय आणि बंद काय, निकाल सारखाच दिसतो. दोन प्रतींत मात्र बहुतेक चुका तिथल्या तिथे उघड्या पडतात.

सर्वांत जास्त घोळ होतो तो सेटिंग दोन जागी असल्यामुळे. प्रतींचा आकडा आणि कोलेट, दोन्ही वर्ड किंवा पीडीएफ रीडरच्या खिडकीत असतात आणि ‘प्रिंटर प्रॉपर्टीज’मध्ये, म्हणजे प्रिंटरच्या ड्रायव्हरमध्येही (संगणकातून प्रिंटर चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) असू शकतात. इथे तीन प्रती आणि तिथेही तीन असं राहून गेलं, तर प्रोग्रॅम आणि प्रिंटरच्या काही जोड्यांमध्ये नऊ प्रती निघतात. कधी कोलेटची खूण असूनही पानं गठ्ठ्यानेच पडतात, कारण ड्रायव्हर स्वतःचंच सेटिंग लावतो. म्हणून आकडा एकाच जागी भरावा, दुसरीकडे १ ठेवावा. मी ड्रायव्हरमध्ये १ ठेवून आकडा प्रोग्रॅममध्ये भरणं पसंत करतो, कारण ड्रायव्हरमध्ये एकदा घातलेला आकडा पुढच्या कामातही तसाच राहून जाऊ शकतो.

वेगाचंही एक गणित आहे. ज्या प्रिंटरला स्वतःची पुरेशी मेमरी आहे, तो अख्खा दस्तऐवज एकदाच घेतो आणि आतूनच संच काढतो. साध्या इंकजेटला किंवा कमी मेमरीच्या लेझरला ते जमत नाही. मग संगणक तीच सहा पानं पुन्हा पुन्हा पाठवत राहतो. फोटोंनी भरलेल्या पीडीएफला त्यामुळे फार वेळ लागतो. अशा मशीनवर घाई असेल आणि पानं दोन-तीनच असतील, तर कोलेट बंद ठेवून हाताने संच लावणं परवडतं.

आता पाठपोट छपाई. खरी काळजी इथे घ्यायची. प्रिंटरला आपोआप पाठपोट येत नसेल, तर आपण आधी विषम पानं छापतो, गठ्ठा उलटा घालतो आणि मग सम पानं छापतो. पाच पानांच्या मजकुराच्या दोन प्रती कोलेट ठेवून काढल्या, तर पुढच्या बाजू येतात १, ३, ५, १, ३, ५. मागच्या बाजू मात्र २, ४, २, ४ एवढ्याच. म्हणजे पहिल्या प्रतीच्या पाचव्या पानामागे दुसऱ्या प्रतीचं दुसरं पान छापलं जातं आणि तिथून पुढे सगळं सरकतं. उपाय दोन. शेवटी एक कोरं पान जोडून पानसंख्या सम करा. वर्डमध्ये मजकुराच्या अखेरीस कंट्रोल-एंटर दाबलं की झालं. नाहीतर या कामापुरतं कोलेट बंदच ठेवा: पाचव्या पानांचा गठ्ठा सगळ्यात शेवटी येतो, त्याच्या मागे काही छापायचं नसतं, म्हणून काहीच सरकत नाही.

आपोआप पाठपोट करणाऱ्या प्रिंटरवरही काही वेळा विषम पानसंख्येच्या पहिल्या प्रतीच्या शेवटच्या पानामागे पुढच्या प्रतीचं पहिलं पान येतं. तिथेही कोरं पान जोडणं हाच खात्रीचा इलाज.

कोलेट मुद्दाम बंद ठेवण्याची आणखी काही कामं आहेत. पहिलं पान लेटरहेडवर आणि बाकीची साध्या कागदावर हवी असतील, आणि प्रिंटरला ट्रे एकच असेल, तर पहिलं पान वेगळं छापून घ्या. दोन ट्रे असतील तर वर्डच्या ‘पेज सेटअप’मध्ये पहिल्या पानासाठी वेगळा ट्रे निवडता येतो, मग कोलेट चालू ठेवूनही काम होतं. वर्गात एकेक पान वेगवेगळ्या दिवशी वाटायचं असेल, तर गठ्ठेच सोयीचे.

संच बरोबर लागूनही पानं उलट्या क्रमाने, सहावं वर आणि पहिलं खाली, अशी आली तर तो दोष कोलेटचा नाही. बऱ्याच इंकजेटमधून कागद छापलेली बाजू वर ठेवून बाहेर पडतो. वर्डच्या ‘ऑप्शन्स’मधल्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ भागात पानं उलट्या क्रमाने छापण्याची खूण आहे. काही ड्रायव्हर हे स्वतःच करतात. दोन्ही चालू राहिले तर क्रम पुन्हा उलटा होतो.

मोठ्या कामात कागद अडकला, तर तो काढून झाल्यावर त्या वेळचा संच बाजूला ठेवा आणि पानं मोजा, कारण तिथेच एखादं पान गळतं किंवा दुबार येतं. तळाशी ‘पृष्ठ ३ / ६’ असा क्रमांक आधीच घातलेला असेल, तर हे शोधणं फार सोपं जातं.